सीटी की एमआरआय? चला, कागदावर मांडू

डॉक्टरांनी तपासणीची चिठ्ठी दिली आणि घरी आल्यापासून एकच चर्चा सुरू आहे. सीटी म्हणजे काय, एमआरआय म्हणजे काय, त्यातली मोठी तपासणी कोणती आणि मोठी सांगितली म्हणजे आजारही मोठा का? घाबरू नका. टेबलावर थोडी जागा करा आणि बसा. यात मोठं-लहान काही नाही. ही दोन वेगळी यंत्रं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. तुमच्या चिठ्ठीतला प्रश्न कोणता आणि त्यासाठी तुम्ही काय तयारी करायची, हे आपण एकेक पायरी करत कागदावर उतरवू.

साहित्य

- डॉक्टरांची चिठ्ठी
- एक कोरा फुलस्केप कागद, एक निळं आणि एक लाल पेन
- आधीच्या तपासण्यांच्या फिल्म आणि रिपोर्ट
- ऑपरेशन झालेलं असेल तर डिस्चार्ज कार्ड
- चालू असलेल्या औषधांच्या पट्ट्या

आधी एक इशारा: कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली किंवा डोक्याला मार लागून उलट्या होत असतील, तर कागद-पेन बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा आणि मोठं रुग्णालय गाठा. तिथे मिनिटं मोजून काम चालतं. कोणता स्कॅन करायचा, ते तिथले डॉक्टर ठरवतील.

भाग पहिला: चिठ्ठी वाचा

१. तपासणीचं नाव शोधा. चिठ्ठीवर ‘सीटी’ असेल किंवा त्याला पुढे-मागे अक्षरं चिकटलेली असतील, जसं एचआरसीटी, एनसीसीटी, सीईसीटी. ही सगळी सीटीचीच भावंडं. ‘एमआरआय’, ‘एमआरसीपी’, ‘एमआर अँजिओ’ असं काही असेल तर ते चुंबकाचं यंत्र. नावाभोवती निळ्या पेनानं गोल करा. *सांभाळा:* अक्षर लागत नसेल तर अंदाज बांधू नका. दवाखान्यात फोन करून विचारा.

२. शरीराचा भाग लिहून घ्या. डोकं, छाती, पोट, मान, कंबर, गुडघा, जे असेल ते. हात, पाय, खांदा, गुडघा असेल तर त्यापुढे ‘उजवा’ किंवा ‘डावा’ लिहा. *सांभाळा:* ‘कंबर’ हा शब्द फसवा आहे. आपण कंबर म्हणतो तेव्हा कुणाच्या मनात मणका असतो, तर कुणाच्या मनात खुब्याचा सांधा. या दोन तपासण्या वेगळ्या आहेत. चिठ्ठीवर ‘एलएस स्पाइन’ असेल तर मणका आणि ‘हिप’ असेल तर खुबा.

३. ‘प्लेन’ की ‘कॉन्ट्रास्ट’ ते बघा. प्लेन म्हणजे इंजेक्शनशिवाय. कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून औषध देऊन, ज्याला बरेच जण ‘डाय’ म्हणतात. सीटीत हे औषध आयोडीनचं असतं, एमआरआयमध्ये गॅडोलिनियमचं. *सांभाळा:* चिठ्ठीवर दोन्हींपैकी काहीच लिहिलं नसेल तर आत्ताच प्रश्नचिन्ह टाकून ठेवा. तपासणीच्या दिवशी काउंटरवर उभं राहून हे ठरवायची वेळ येऊ देऊ नका.

भाग दुसरा: दोन रकाने भरा

४. कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डाव्या रकान्याला ‘सीटी’ आणि उजव्या रकान्याला ‘एमआरआय’ असं नाव द्या. *सांभाळा:* तुम्हाला एकच तपासणी सांगितली असली, तरी दोन्ही रकाने भरा. फरक शेजारी-शेजारी ठेवला की लगेच डोक्यात बसतो.

५. पहिली ओळ भरा: चित्र कशानं काढतात? डावीकडे लिहा ‘एक्स-रे’. उजवीकडे लिहा ‘चुंबक आणि रेडिओ लहरी’. इतकंच पुरे. *सांभाळा:* ‘एमआरआयचं रेडिएशन लागतं’ असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. सीटीत असतात, आणि छातीच्या एका साध्या एक्स-रेपेक्षा कितीतरी पट जास्त असतात. म्हणून ‘सहज एकदा सगळ्या अंगाचा सीटी करून बघू’ असं करायचं नाही. पण डॉक्टरांनी कारण सांगून सीटी मागितला असेल, तर किरणांच्या भीतीनं टाळायचाही नाही.

६. दुसरी ओळ भरा: वेळ किती? डावीकडे लिहा ‘काही मिनिटं’. सीटीत प्रत्यक्ष फोटो निघायला काही सेकंद लागतात, बाकीचा वेळ झोपण्या-उठण्यात जातो. उजवीकडे लिहा ‘एका भागाला साधारण २० ते ४५ मिनिटं’. *सांभाळा:* एमआरआयमध्ये मान आणि कंबर असे दोन भाग सांगितले असतील तर वेळ त्या हिशेबानं वाढतो. ऑफिसमधून तासाभराची सुट्टी काढून हे जमणार नाही.

७. तिसरी ओळ भरा: काय चांगलं दिसतं? ही सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे, सावकाश लिहा. डावीकडे: मोडलेलं हाड, डोक्यातला ताजा रक्तस्राव, फुप्फुसं, मूतखडा, अपघातानंतर पोटात झालेली इजा. उजवीकडे: मेंदूतले बारीक बदल, मज्जारज्जू, मणक्यातली गादी, दबलेली नस, गुडघ्यातलं लिगामेंट, खांद्याचे स्नायू, सांध्यातली कूर्चा. *सांभाळा:* उजवी यादी बघून ‘एमआरआयच भारी’ असं ठरवू नका. फुप्फुसांचं बारीक जाळं किंवा लहानसा मूतखडा बघायचा असेल तर तिथे सीटीच लागतो.

८. चौथी ओळ भरा: यंत्र कसं दिसतं? डावीकडे एक मेदूवडा काढा. सीटीचं यंत्र तसंच असतं, मध्ये भोक असलेलं जाडजूड कडं. तुम्ही त्यातून आरपार सरकता, आणि डोकं-पाय बहुतेक वेळ मोकळेच राहतात. उजवीकडे दोन्ही टोकांना उघडा असा लांब बोगदा काढा. त्याचं तोंड साधारण ६० ते ७० सेंटिमीटर रुंद असतं. *सांभाळा:* बोगद्याचं चित्र काढतानाच छातीत धडधडलं असेल, तर त्याशेजारी लाल फुली मारा. १५ व्या पायरीला तिचं काम आहे.

९. तुमचा प्रश्न कागदाच्या खाली लिहा. डॉक्टरांना नेमकं काय बघायचंय ते एका वाक्यात लिहा. नमुने देतो:

- ‘कंबरेतून पायात कळ जाते, नस दबली आहे का?’ याचं उत्तर एमआरआय देतो.
- ‘कुशीत कळ येते, लघवीत रक्त आहे, खडा कुठे अडकलाय?’ यासाठी प्लेन सीटी.
- ‘कबड्डी खेळताना गुडघा पिरगळला, लिगामेंट तुटलं का?’ यासाठी एमआरआय.
- ‘खोकला जात नाही, एक्स-रेमध्ये डाग दिसतोय, तो कसला?’ यासाठी छातीचा सीटी.
- ‘अचानक लकवा आला, डोक्यात रक्तस्राव आहे का?’ यासाठी बहुतेक ठिकाणी आधी सीटी. गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रक्तस्राव नाही याची खात्री केल्याशिवाय ते देता येत नाही. सीटी ते चटकन सांगतो.

*सांभाळा:* वाक्य लिहिता येत नसेल तर डॉक्टरांना विचारा, ‘डॉक्टर, यात नक्की काय बघायचंय?’ ‘मोठी तपासणी कोणती?’ असं विचारलंत तर कामाचं उत्तर मिळणार नाही. आणि आधी सीटी, मग एमआरआय असं सांगितलं म्हणजे आजार बळावला, असंही समजू नका. पहिल्या यंत्रानं एका प्रश्नाचं उत्तर दिलं, आता दुसरा प्रश्न विचारायचा आहे, इतकाच त्याचा अर्थ.

भाग तिसरा: स्वतःची माहिती लिहा

आता लाल पेन घ्या. कागद उलटा करा. इथे लिहिलेली प्रत्येक गोष्ट सेंटरवर सांगायची आहे.

१०. शरीरात बसवलेल्या वस्तूंची यादी करा. पेसमेकर, हृदयाची कृत्रिम झडप, स्टेंट, मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, हाडातला रॉड किंवा प्लेट, बदललेला गुडघा, तांबी, इन्सुलिनचा पंप, दंडावर चिकटवलेला साखर मोजणारा सेन्सर. जे असेल ते लिहा, त्यापुढे ऑपरेशनचं साल लिहा. *सांभाळा:* काय चालतं आणि काय नाही, याचा निकाल घरी लावू नका. बदललेला गुडघा आणि बहुतेक स्टेंट असताना एमआरआय करता येतो. काही नवे पेसमेकरही चालतात, पण त्यांचं सेटिंग आधी बदलावं लागतं. काही जुनी उपकरणं मात्र अजिबात चालत नाहीत. उपकरणाबरोबर मिळालेलं कार्ड शोधा. त्यावरच्या मॉडेल नंबरावर सगळं ठरतं.

११. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, ते लिहा. लेथवर, ग्राइंडरवर किंवा वेल्डिंगचं काम केलेल्यांनी ही पायरी वगळू नये. *सांभाळा:* ‘वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आता काय’ असं म्हणून सोडून देऊ नका. आत राहिलेला बारीक कण चुंबकामुळे हलू शकतो आणि डोळ्याला इजा होते. शंका असेल तर सेंटरवाले एमआरआयआधी डोळ्याचा साधा फोटो काढून खात्री करतात.

१२. गरोदर असाल किंवा पाळी चुकली असेल तर ते लिहा. दोन्ही तपासण्यांच्या वेळी हे सांगायचं. *सांभाळा:* सीटीत एक्स-रे असतात म्हणून डॉक्टर दुसरा मार्ग शोधतील किंवा गरज पुन्हा तपासतील. एमआरआयमध्ये एक्स-रे नसले, तरी गरोदरपणात गॅडोलिनियमचं इंजेक्शन शक्यतो टाळतात. बाळ अंगावर पीत असेल तर तेही लिहा.

१३. किडनीची माहिती लिहा. कॉन्ट्रास्ट सांगितलं असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन किती, कोणत्या तारखेचं, ते लिहा. मधुमेह, जुना किडनीचा त्रास किंवा डायलिसिस असेल तर ठळक लिहा. *सांभाळा:* मागच्या दिवाळीचा रिपोर्ट चालणार नाही. तो किती दिवसांपर्यंतचा चालतो, हे सेंटरला विचारा आणि त्याप्रमाणे रक्त द्या. नाहीतर उपाशीपोटी जाल आणि तसेच परत याल.

१४. औषधं आणि अ‍ॅलर्जी लिहा. पट्ट्या समोर ठेवून नावं उतरवा. पूर्वी अशा इंजेक्शननं अंगावर गांधी उठल्या होत्या का, दमा आहे का, हेही लिहा. *सांभाळा:* साखरेच्या गोळीत मेटफॉर्मिन असेल तर डॉक्टरांना विचारा. किडनीचं काम कमी असेल तर आयोडीनच्या इंजेक्शनच्या वेळी ती काही काळ थांबवायला सांगतात. स्वतःहून कुठलीच गोळी बंद करू नका. आणि कोळंबी खाल्ली की अंग खाजतं म्हणून सीटीचं इंजेक्शन चालणार नाही, हा गैरसमज आहे. अ‍ॅलर्जी सांगा जरूर, पण तेवढ्यासाठी तपासणी रद्द करू नका.

१५. बंद जागेची भीती वाटते का, ते लिहा. लिफ्टमध्ये जीव गुदमरतो, पांघरूण तोंडावर घेता येत नाही, असं असेल तर स्पष्ट लिहा. *सांभाळा:* यात लाज कसली? टेक्निशियन रोज असे पेशंट बघतात. आधी कळलं तर डॉक्टर हलकं गुंगीचं औषध देऊ शकतात, रुंद तोंडाचं यंत्र असलेलं सेंटर सुचवू शकतात. गुडघ्यासारख्या भागाला पाय आधी आत जातात आणि डोकं बरंचसं बाहेर राहतं. गुंगीचं औषध घेणार असाल तर सोबत माणूस हवाच. परतताना स्कूटरचं हँडल तुमच्या हातात नको.

भाग चौथा: वेळ ठरवा

१६. सेंटरला फोन करा. समोर कागद ठेवा आणि या क्रमानं विचारा: किती तास उपाशी राहायचं? क्रिएटिनिन लागेल का? कॉन्ट्रास्टसकट एकूण दर किती? फिल्म, सीडी आणि रिपोर्ट कधी मिळेल? *सांभाळा:* फोनवर सांगितलेला दर बऱ्याचदा ‘प्लेन’चा असतो. इंजेक्शनचे पैसे वेगळे लागतात. ‘३ टेस्लाचं मशीन आहे’ (टेस्ला म्हणजे एमआरआयच्या चुंबकाच्या ताकदीचं माप) एवढ्यावर जास्त पैसे मोजू नका. बहुतेक कामांना १.५ टेस्ला पुरतं. डॉक्टरांनी मुद्दाम लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत दर कमी असतात, तिथली तारीखही विचारून बघा.

१७. आदल्या रात्री पिशवी भरा. चिठ्ठी, आपला कागद, जुन्या फिल्म, रिपोर्ट, उपकरणाचं कार्ड, ओळखपत्र. *सांभाळा:* फिल्मची घडी घालू नका आणि त्या गुंडाळून रबर लावू नका. सपाट ठेवा. जुनी फिल्म शेजारी ठेवून रेडिऑलॉजिस्ट ‘गाठ तेवढीच आहे, वाढलेली नाही’ हे सांगू शकतो. नुसत्या नव्या फिल्मवरून ते कळत नाही.

१८. सकाळी दागिने घरीच उतरवा. मंगळसूत्र, नथ, चमकी, कानातलं, बांगड्या, अंगठी, पैंजण, जोडवी, चांदीचा करदोटा, ताईत. केसांतले आकडे आणि पिना काढा. *सांभाळा:* घट्ट बसलेली अंगठी आणि जोडवी हीच ऐनवेळी अडवतात. घरीच साबणाचं पाणी लावून सावकाश फिरवत काढा, सेंटरच्या बाकावर बसून ओढाताण करायला नको. सीटीला फक्त तपासायच्या भागातलाच धातू काढावा लागतो. एमआरआयला अंगावरचा सगळा.

१९. साधे कपडे घाला. नाडीची सलवार किंवा पायजमा, सुती सदरा. *सांभाळा:* चेन, हुक, धातूची बटणं, जर आणि साडीला टोचलेली सेफ्टी पिन ही एमआरआयला चालत नाहीत. सेंटरवर गाऊन मिळतो, तो घालायला सांगितला तर खाली काय ठेवायचं तेही विचारा. अंगाला औषधाची चिकटपट्टी लावलेली असेल तर ती दाखवा. काहींमध्ये धातूचा पातळ पापुद्रा असतो आणि तो तापतो.

भाग पाचवा: सेंटरवर

२०. फॉर्म आपल्या कागदावरून भरा. पाठीमागची लाल यादी एकेक करत उतरवा. *सांभाळा:* ‘सगळ्याला नाही लिहून टाका हो, रांग मोठी आहे’ असं सोबतचं माणूस म्हणेल. ऐकू नका. या फॉर्मवरूनच तुम्हाला आत घ्यायचं की नाही हे ठरतं.

२१. खिसे रिकामे करा. मोबाइल, घड्याळ, किल्ल्या, सुटे पैसे, बँकेचं कार्ड, कानाचं यंत्र, काढता येणारी कवळी, सगळं सोबतच्या माणसाकडे द्या. *सांभाळा:* एमआरआयचं चुंबक तपासणी नसतानाही चालूच असतं. यंत्र शांत दिसतं म्हणून ते बंद आहे असं समजू नका. २०१८ साली मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला. सोबत आत येणाऱ्यानंही खिसे रिकामे करायचे. टेक्निशियननं ‘या’ म्हटल्याशिवाय कुणीही उंबरा ओलांडायचा नाही, मग वॉर्डबॉयनं ढकललं तरी.

२२. लघवीला जाऊन या. एमआरआयला अर्धा-पाऊण तास हलता येत नाही, म्हणून हे आधी उरका. *सांभाळा:* ओटीपोटाच्या काही तपासण्यांना मूत्राशय भरलेलं हवं असतं. जायच्या आधी टेक्निशियनला एकदा विचारा.

२३. टेबलावर झोपा आणि सांगतील तसं करा. तुमच्या तपासणीची गोष्ट वाचा, दुसरी सोडून द्या.

*सीटी असेल तर:* टेबल सरकतं, कडं घरघरतं. स्पीकरवरून आवाज येतो, ‘श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा.’ तेवढं पाळा. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन गेलं की अंगभर उष्णतेची लाट येते, तोंडाला धातूची चव येते आणि कपड्यांतच लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. मिनिटाभरात सगळं ओसरतं. *सांभाळा:* सुईच्या जागी झोंबायला किंवा फुगायला लागलं, घसा आवळला, अंग खाजलं, श्वास लागला तर लगेच हाक मारा. टेक्निशियन काचेपलीकडून बघत असतो आणि त्याला ऐकू जातं.

*एमआरआय असेल तर:* कानात बोळे किंवा हेडफोन घालतील, हातात रबरी फुगा देतील. आत गेलात की डोळे मिटा, मग बोगदा दिसतच नाही. थोड्या वेळानं ठकठक, मग घर्रर्र, मध्येच शांतता, पुन्हा वेगळ्याच तालात ठकठक. आवाज कितीही वाढला तरी यंत्र बिघडलेलं नाही, त्याचं काम असंच चालतं. *सांभाळा:* शांतता झाली म्हणजे संपलं असं समजून हलू नका. एकदा मान हलली की तेवढी चित्रं पुसट येतात आणि तो भाग पुन्हा करावा लागतो. नाक खाजलं तर सोसा. पण चटका बसल्यासारखं वाटलं, जीव घाबरला, तर फुगा दाबा. तो त्यासाठीच दिलेला असतो.

२४. कॉन्ट्रास्ट घेतलं असेल तर अर्धा तास तिथेच बसा. घरचे घाई करतील, करू द्या. सुई काढली की कापूस दाबून धरा. *सांभाळा:* रिअ‍ॅक्शन आलीच तर बहुधा याच वेळेत येते. घरी गेल्यावर अंगावर गांधी उठल्या किंवा धाप लागली तर थेट रुग्णालयात जा. पाणी किती प्यायचं ते विचारून घ्या. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांना पाण्याचं माप पाळावं लागतं.

२५. फिल्मचं पाकीट काउंटरवरच उघडून तपासा. नाव, वय, तारीख, शरीराचा भाग, उजवा की डावा. आपल्या कागदाशी ताडून बघा. *सांभाळा:* एकाच आडनावाचे दोन पेशंट एका सकाळी आले की पाकिटं बदलतात. तिथल्या तिथे सांगितलं तर दोन मिनिटांत दुरुस्त होतं.

भाग सहावा: रिपोर्ट हातात आल्यावर

२६. फिल्म कोणती ते ओळखा. ती खिडकीच्या उजेडासमोर धरा आणि एका चौकटीच्या कोपऱ्यातली बारीक इंग्रजी अक्षरं वाचा. ‘केव्ही’ आणि ‘एमए’ दिसली तर ती सीटीची. ‘टीआर’ आणि ‘टीई’ दिसली तर एमआरआयची. आता चित्र बघा. सीटीत हाड पांढरंशुभ्र आणि हवा काळी असते. एमआरआयमध्ये हाडाचं कडक कवच काळं दिसतं. ‘टी-टू’ लिहिलेल्या चित्रात पाणी पांढरं दिसतं. *सांभाळा:* पांढरा ठिपका दिसला म्हणजे गाठ, असं करू नका. एमआरआयच्या एका चित्रात पांढरी दिसणारी जागा दुसऱ्या चित्रात काळी असते आणि तरी सगळं ठीक असतं.

२७. डावं-उजवं तपासा. आडव्या छेदांच्या चित्रांत तुमची उजवी बाजू बघणाऱ्याच्या डावीकडे येते, जणू तुम्ही समोर उभे आहात. कडेला ‘आर’ असतो तिकडे तुमचा उजवा भाग. *सांभाळा:* रिपोर्टमध्ये उजवी बाजू लिहिली आहे आणि दुखतंय डावीकडे, असं असेल तर ते डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा.

२८. रिपोर्टचा शेवटचा भाग वाचा. त्यावर ‘इम्प्रेशन’ लिहिलेलं असतं, निष्कर्ष तिथे असतो. वरच्या परिच्छेदांत ‘हायपोडेन्स’, ‘हायपरडेन्स’ असे शब्द आले तर ते सीटीचे. ‘हायपरइंटेन्स’, ‘सिग्नल’ असे आले तर एमआरआयचे. *सांभाळा:* हे शब्द चित्रातला फिका-गडदपणा सांगतात, आजाराचं नाव सांगत नाहीत. मोबाइलवर एकेक शब्द शोधत रात्र काढू नका. कंबरेच्या एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ तर कंबर कधीच न दुखलेल्या माणसांच्या रिपोर्टमध्येही सापडतो.

२९. कागद, फिल्म आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. नवव्या पायरीला लिहिलेला प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, ‘याचं उत्तर मिळालं का?’ *सांभाळा:* नुसता रिपोर्टचा फोटो पाठवून सल्ला घेऊ नका. डॉक्टर फिल्म बघतात आणि जिथे दुखतं तिथे हात लावून ती ताडतात. ‘उत्तर मिळालं नाही, आता एमआरआय लागेल’ असं म्हणाले, तर पुढचा प्रश्न कोणता ते तिथेच विचारून लिहून घ्या.

३०. सगळं एका फाइलमध्ये लावा. सगळ्यात वर आपला कागद ठेवा. त्यावर तारीख, तपासणी, कोणतं कॉन्ट्रास्ट दिलं आणि त्याचा त्रास झाला की नाही, एवढं लिहा. *सांभाळा:* फाइल लोखंडी कपाटाच्या माथ्यावर, उन्हाच्या खिडकीशेजारी नको. फिल्म उष्णतेनं खराब होतात. घरातल्या आणखी एकाला जागा दाखवून ठेवा. कधी रात्री-अपरात्री रुग्णालयात जायची वेळ आली आणि तुम्हाला बोलता येत नसेल, तर तो हाच कागद डॉक्टरांच्या हातात देईल.